दिग्नुस म्हणजे लायक

"म्हणजे रेमेतसाठीही तुम्ही हाच शब्द उच्चारणार?"

बावतीसचा आवाज चढला होता. उद्या सकाळी वसईच्या देवळात त्याला आणि रेमेतला गुरुदीक्षा मिळायची होती, दोघे फादर होणार होते. बिशप एकेकाचं नाव घेऊन विचारणार, हा लायक आहे का? आणि सात वर्षं दोघांना लॅटिन शिकवणाऱ्या म्हाताऱ्या फादर इनासनी साऱ्या गावादेखत साक्ष द्यायची: दिग्नुस. लायक आहे.

फादर सेमिनरीमागच्या वाडीत पानवेली बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"रेमेतला दिग्नुस चालवता येत नाही?"

"कुठला येतोय! पुल्लिंगाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावतो. ज्या गोष्टीच्या लायक, ती पंचमीत ठेवायची, तर हा चतुर्थीत ठेवतो. परवा सगळा वर्ग हसला."

"आणि तुला?"

बावतीसनं तिन्ही लिंगं, दोन्ही वचनं, सगळ्या विभक्ती एका दमात म्हणून दाखवल्या. चूक म्हणून नाही. पोरगा हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"छान. मग उद्या रेमेतसाठी मी बोलतो. तुझ्यासाठी तूच बोल."

"मी?... स्वतःसाठी?"

"शब्द तुला माझ्याहून चांगला येतो. बिशपांना मी सांगून ठेवतो."

फादर थट्टा करत नव्हते. त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला, पाठ सरळ केली आणि बिशपांच्या सुरात विचारलं, "हा बावतीस लायक आहे, हे तुला माहीत आहे?"

बावतीसनं तोंड उघडलं...

परवा वर्गात सगळ्यांत आधी कोण हसलं होतं, ते त्याला आठवलं. रेमेतचे लाल झालेले कान आठवले. मग एकामागून एक बरंच काही आठवत गेलं.

फादर वाट पाहत उभे राहिले.

"नाही जमत, फादर."

"हं."

"पण तुम्ही... तुम्ही तरी म्हणाल ना उद्या? आई येणार आहे माझी." त्याला आता खरंच भीती वाटत होती.

"म्हणेन."

"आणि ते खोटं असलं तर?"

फादर पुन्हा वेलीकडे वळले.

"बावन्न वर्षांपूर्वी एकानं माझ्यासाठी साक्ष दिली, बावतीस. ती खरी करता करता म्हातारा झालो... अजून झालेली नाही."