साठलेली हवा

“…आणि यात माझं किती फुफ्फुस भाजणार?” उजगरेबाईंनी विचारलं.

“अठरा टक्के,” श्रीरंग म्हणाला. “फक्त.”

तो ‘फक्त’ त्याने जरा लांबवला.

पाचगणीच्या वरच्या अंगाला बाईंचं घर होतं. दुपारचे चार वाजले असतील. धुकं कुंपण ओलांडून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं.

डॉ. प्रियंवदा उजगरे यांनी तीस वर्षं कर्करोगावर किरणांचे उपचार केले आणि ते शिकवलेही. आता गाठ त्यांच्याच उजव्या फुफ्फुसात निघाली होती. डॉ. श्रीरंग कुलथे हा त्यांच्या शेवटच्या तुकडीतला विद्यार्थी. उपचार कुणाकडून घेणार, असं विचारल्यावर बाईंनी त्याचंच नाव सांगितलं होतं.

त्याला त्याचा अभिमान होता. तीन आठवडे खपून त्याने किरणांचा आराखडा तयार केला होता. तो दाखवायला तो पुण्याहून स्वतः वर आला होता.

लॅपटॉपवर बाईंच्या छातीचं चित्र होतं. किरणांच्या रंगीत रेषा पाठीकडून, खालच्या बाजूने आत शिरत होत्या आणि गाठीवर एकत्र येत होत्या.

“सुंदर आहे,” बाई म्हणाल्या.

श्रीरंगने मान किंचित झुकवली.

“अठरा टक्के कशाचे?”

“फुफ्फुसाचे.”

“फुफ्फुसाचे… की श्वासाचे?”

तो हसला. “एकच ना ते, बाई?”

धुकं एक पायरी वर चढलं.

“हा वरचा मोठा भाग तू वाचवलास,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

“हो. बघा ना, किती स्वच्छ काळा दिसतोय. स्कॅनमध्ये काळं म्हणजे हवा. एवढी हवा वाचवायलाच हवी. खालचा भाग लहान आहे, दाबलाही गेलाय. म्हणून किरण तिथून नेले.”

बाई सावकाश उठल्या आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“हात ठेव.”

तो घुटमळला. बाईंच्या छातीची शेकडो चित्रं त्याने पाहिली होती. हात एकदाही लावला नव्हता.

“ठेव रे. उजवीकडे, खांद्याखाली.”

त्याने तळवा टेकवला. बाईंनी श्वास घेतला.

“काय लागतंय?”

“…काही नाही.”

“थोडा खाली घे.”

“काही नाही, बाई.”

“अजून खाली.”

शेवटच्या बरगड्यांपाशी त्याच्या तळव्याखाली काहीतरी वर आलं. ओसरलं. पुन्हा वर आलं.

श्रीरंगने हात काढला नाही. समोरचं आवार धुक्यात गेलं होतं. झाडं गेली, फाटक गेलं, पायऱ्याही गेल्या. सगळ्या जगात तेवढी एकच ऊबदार हालचाल उरली होती, आणि ती त्याच्या हाताखाली होती.

किरण आत शिरणार होते ते बरोबर तिथूनच.

“सोळा वर्षांची असताना मला क्षय झाला होता,” पाठमोऱ्याच बाई म्हणाल्या. “डावं तेव्हाच आकसून गेलं. ते तुला दिसलं. उजवं वरून फुगून राहिलं. हवा आहे त्यात, श्रीरंग… साठलेली.”

“फाइलमध्ये आहे ते. मी वाचलं होतं.”

“वाचलं असशील.”

त्याने हात काढून घेतला. मग म्हणाला, “गाठ गेली असती, बाई…”

“हो. आणि मी नाकात प्राणवायूची नळी घालून त्या खिडकीपाशी बसले असते.”

त्याने लॅपटॉप बंद केला.

पुढच्या आठवड्यात बाई पुण्याला उतरल्या. श्रीरंगने त्यांना एका नळीतून बारीक वाफ ओढायला लावली. त्या वाफेत अगदी थोडा किरणोत्सर्गी अंश मिसळलेला होता. श्वास जिथे जाईल तिथे ती वाफ जाणार आणि कॅमेरा ती टिपणार.

पडद्यावर वरचा मोठा भाग अंधाराच राहिला. डावी बाजूही. मग अगदी तळाशी एक लहानसा ठिपका उजळला, पसरला आणि मंद चमकत राहिला.

एवढ्याशा जागेत बाई राहत होत्या.

श्रीरंगने आराखडा पहिल्यापासून मांडला. या वेळी किरण वरून, त्या साठलेल्या हवेतून नेले आणि उजेडाची जागा मोकळी सोडली. अकराव्या खेपेला जमलं. अठराचे सत्तावीस टक्के झाले होते. मर्यादेच्या आत, पण डोळ्यांत खुपणारे.

विभागाच्या बैठकीत वरिष्ठांनी भुवया उंचावल्या. “आधीचा काय वाईट होता?”

श्रीरंगने उजेडाचं चित्र शेजारी ठेवलं. “आधीचा यातून जात होता,” तो म्हणाला. पुढे कुणी काही विचारलं नाही.

नवा आराखडा त्याने बाईंपुढे ठेवला तेव्हा त्याची मान खाली होती.

“कागदावर आधीचाच चांगला दिसत होता, बाई.”

“कागदाला कुठे श्वास घ्यायचाय!” असं म्हणून त्यांनी सही केली.

सहा आठवडे उपचार चालले. बाईंना गिळताना दुखायचं, खोकला झोपू देत नसे. अंगावरची साडी सैल झाली. पण गाठ आकसत गेली. फाल्गुनात तिच्या जागी नुसता व्रण दिसू लागला. आणि तळाचा तो उजेड होता तसाच राहिला.

चैत्रात श्रीरंग पुन्हा वर गेला. घरामागच्या चढावर सिल्व्हर ओकना नारिंगी फुलं आली होती. पातळ धुक्यात ती अधांतरी लटकल्यासारखी दिसत होती.

बाई काठी घेऊन निघाल्या. चार पावलं चालायच्या, थांबायच्या, पुन्हा चार पावलं. श्रीरंग त्यांच्या पुढे जायचा, परत मागे यायचा, आणि सारखा बोलत होता.

“आता प्रत्येकाचा श्वास आधी बघतो, बाई. त्रेचाळीस जण झाले! बाहेरून डॉक्टर शिकायला येतात. मी त्यांना सांगतो, चित्र बघू नका, माणूस बघा. आता माझ्या नजरेतून काही सुटत नाही…”

बाई थांबल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “तुला धाप लागलीय.”