बरगाले शेठची नवी विजार

इचलकरंजीच्या बरगाले शेठना 'नाही' ऐकायची सवय नव्हती, आणि मृणाल तेरदाळेंना उगाच 'हो' म्हणायची. या बाई शेठच्या कारखान्यात ताणला जाणारा कृत्रिम धागा तयार करत होत्या.

शेठनी नमुना ओढून पाहिला. धागा लांबला आणि सोडताच पुन्हा आखडला. "हा तर उलटा मलाच ओढतोय," शेठ गुरकावले. "ओढू तेवढा यायला हवा. जमत नसेल तर राजीनामा ठेवा."

भोवतीच्या मॅनेजरांनी माना डोलावल्या.

"जरासुद्धा विरोध नको?" बाईंनी विचारलं.

"जरासुद्धा नको."

कारखान्याचा रिवाज असा, की नव्या धाग्याचा पहिला कपडा खंडेनवमीला खुद्द मालकाने घालायचा आणि यंत्रांची पूजा करायची. बाईंनी शेठच्या विजारीच्या कमरेत त्यांना हवा होता तसाच धागा घालून दिला.

शेठ पूजेला मांडी घालून बसले, तशी पोटाबरोबर विजारीची कंबरही मुकाट रुंदावली. ते आरतीला उठले, तरी ती रुंदच राहिली. शेठनी घाईघाईने डाव्या हाताने विजार पकडली.

"तबक दोन्ही हातांनी धरा, यजमान," गुरुजी म्हणाले.

शेठ लालबुंद झाले. "तेरदाळेबाई, हा कसला धागा?"

"आपण सांगितलेला, साहेब. अजिबात विरोध करत नाही," बाई म्हणाल्या. "आधीचा करायचा. त्याने विजार जागेवर ठेवली असती."

शेठनी आधारासाठी मॅनेजरांकडे पाहिलं. सवयीने सगळ्यांच्या माना डोलत होत्या.