म्हाळूचे पाय

फार फार मागची गोष्ट. डोंगरावर झरा एकच होता आणि पायथ्याला गावं दोन, आंबेखोंड आणि कारवळ. म्हणून असं ठरलं होतं, की चैत्र पौर्णिमेला दोन्ही गावांचा एकेक गडी पायथ्यापासून वरच्या देवळापर्यंत पळेल. जो उंबऱ्याला आधी हात लावेल, त्याच्या गावाला पावसाळ्यापर्यंत झऱ्याचं पाणी.

आंबेखोंडचा गडी म्हाळू धनगर. विसाव्या वर्षी तो पहिल्यांदा पळाला आणि जिंकला. पुढं दर साली त्याचा वेग वाढतच गेला. सत्ताविसाव्या वर्षी तर, असं म्हणतात, खाली शिंग फुंकलं आणि त्याचा आवाज वर पोचायच्या आत म्हाळू देवळात पोचला होता. माणसाचा जोर असाच वाढत जातो, असं आमच्या शहाण्या पूर्वजांना वाटलं. म्हाळू आहे तोवर काळजी कसली, म्हणून त्यांनी दुसरा कुणी तयारच केला नाही.

एकतिसाव्या वर्षी म्हाळूला मागून पावलं ऐकू आली. तो जिंकला, पण खाली उतरल्यावर पाटलांना म्हणाला, "पाय पहिल्यावानी ऱ्हायले न्हाईत, पाटील. दुसरा गडी बघा."

"आरं, दुसरा हाय कुठं?" पाटील म्हणाले. "एवढं एक साल काढ."

असं एक साल चार वेळा काढून झालं. पाचव्या वेळी निम्म्या चढणीवर कारवळचा गडी पुढं गेला. खालून सगळं आंबेखोंड ओरडायला लागलं. पाण्यासाठीच ओरडत होते, दुसरं काय? असं म्हणतात, की तेव्हा म्हाळूचा श्वास मागं राहिला आणि तो एकटाच पुढं पळाला. उंबऱ्याला हात त्यानंच आधी लावला. मग तो उठला नाही.

पाणी आंबेखोंडला मिळालं. त्या साली ते खारट लागलं, असं म्हणतात. मला नाही पटत. गोडच लागलं असणार, आणि सगळे पोटभर प्यायले असणार.

म्हाळूची बायको ठकू तांब्या घेऊन आली. सगळ्यांदेखत तिनं नवऱ्याचे पाय धुतले. म्हणाली, "जित्तेपणी ह्ये पाय धुऊन त्यास्नी घरी बसवायचं हुतं. आता काय!"

शर्यत अजून होते. आंबेखोंडचा गडी सत्ताविशीत आला, सगळ्यांत जोरात पळाला, की त्याच साली गाव त्याला चौरंगावर बसवतं. पाटलांच्या घरची माणसं म्हाळूचं नाव घेऊन त्याचे पाय धुतात. त्यानंतर तो पळत नाही. एकदा पाठोपाठ दोन उन्हाळे गाव तहानलेलं राहिलं, तरी पाय धुतलेला गडी पळाला नाही. दर वेळी गडी रडतो, हात जोडतो, अजून एकच साल द्या म्हणतो. गाव ऐकत नाही.