चिखलाची परीक्षा

माणसं समुद्र बुजवायला शिकली त्याच्याही आधी, एका खाडीकाठी प्राण्यांचं नगर होतं. तिथल्या नगराध्यक्ष रेड्याला आभाळाला टेकेल असा दगडी मनोरा हवा होता. खालच्या चिखलाला तो पेलेल का, हे तपासायला बगळा आला.

बगळ्याने आधी सगळीकडे शांतता करवली. म्हशींना डुंबायला बंदी झाली, बेडकांनाही गप्प बसवलं. मग तो एका पायावर उभा राहिला तो दुपारभर हलला नाही.

"उत्तम," तो म्हणाला. "जमीन भक्कम आहे."

चिखलाला राहवेना. "साहेब, सगळं शांत असलं की मीही शांतच असतो. मला जरा हलवून बघा. हादरे बसायला लागले की माझं मला भान राहत नाही."

"परीक्षेत चुळबुळ चालत नाही," बगळा म्हणाला.

मनोरा उभा राहिला. उद्घाटनाला रेड्याने ढोलपथक बोलावलं आणि म्हशींचा अख्खा कळप ठेक्यावर नाचला. चिखलाने स्वतःला सावरून पाहिलं, पण ठेका अंगात भिनला आणि तो पातळ होऊन डोलू लागला. त्याच्याबरोबर मनोराही डोलला आणि एका अंगाला कलला.

पुन्हा बगळ्याला बोलावणं गेलं. तो एका पायावर उभा राहिला आणि त्याने मान तिरकी केली. "मनोरा सरळच आहे. कललाय तो समुद्र."

रेड्यानेही मान तिरकी करून पाहिली. त्याला ते पटलं.

ते ऐकून चिखलाला हसू आवरेना. तो गदगदून हसला, आणि मनोरा आणखी वीतभर खाली गेला.