उंबरावरची सर्वांत मोठी टोळी

जुन्या जंगलातल्या एका उंबरावर वानरांची टोळी राहत असे आणि त्या टोळीत एक म्हातारी वानरी होती, जिला दिवसभर उसंत म्हणून नसे. त्याचे असे होते मुलांनो, की टोळीतले हुप्पे, म्हणजे नर वानर, एकमेकांना पाण्यात पाहत. एकाने दात विचकले की दुसरा गुरकावलाच. अशा दोघांच्या मध्ये म्हातारीसारखी एखादी शांत वानरी बसे आणि दोघांच्या उवा काढी. मग दोघेही डोळे मिटून गप्प होत. टोळी टिकली होती ती एवढ्याच आधारावर.

टोळीच्या नाईकाला मात्र जंगलातली सर्वांत मोठी टोळी हवी होती. दिसेल त्या हुप्प्याला तो घेऊन येई.

"अरे बाबा, आता पुरे कर," म्हातारी म्हणाली. "एकाचं गुरगुरणं सगळ्या झाडाला ऐकू जातं. माझा हात शेजारच्यापलीकडे पोचत नाही."

"मग उवा काढणाऱ्या वाढवू!" नाईक म्हणाला. बोलायला त्याचे काय जात होते!

त्याने वानरी आणल्या. थोडे दिवस बरे गेले. पुढे त्यांतल्या काहींना कामच उरेना. रिकाम्या बसून त्या कुरकुरू लागल्या आणि बघता बघता हुप्प्यांसारखे दात विचकू लागल्या. म्हातारीची बोटे सुजली, मान अवघडली. तिला या सगळ्याचा वीट आला होता. पण पलीकडच्या फांदीवर तिची एकुलती लेक हेच काम करत होती. टोळी फुटली तर लेक दुरावेल, या धास्तीने म्हातारी बसल्या जागी उवा काढत राहिली.

एका दुपारी नाईकाने आणखी एक हुप्प्या आणला. बिचाऱ्याने एक उंबर तोंडात टाकले मात्र, सगळे झाड पेटून उठले. फांद्या मोडल्या. एक पिल्लू आईच्या पोटापासून सुटून धपकन खाली पडले. नशीब, खाली गवत होते. म्हातारीत ओरडायचेही त्राण नव्हते. ती कशीबशी लेकीजवळ गेली आणि तिच्या कानाशी काही बोलली. थोड्या वेळाने लेक, तिची एक मैत्रीण आणि दोन हुप्पे एकमेकांना धरून खाली उतरले आणि नदीकडे निघून गेले. झाडावरचा कल्लोळ हळूहळू ओसरला.

नाईक संतापला. "तुझी लेक माझे दोन गडी घेऊन गेली! तू तिला जाऊ कसं दिलंस?"

"जाऊ दिलं नाही. मीच तिला जा म्हटलं," म्हातारी म्हणाली. "रडत होती रे ती. चौघं गेली म्हणून बाकीची इथे राहिली. तू आणखी आणशील, तर पुन्हा कुणाला तरी आपली लेक पाठवावी लागेल. माझ्याकडे आता दुसरी नाही."



मुलांनो, अणूच्या केंद्रकातही असेच चालते. प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात, न्यूट्रॉन त्यांना सांधून ठेवायला मदत करतात, पण ती पकड शेजाऱ्यापुरतीच असते. म्हणून फार जड मूलद्रव्ये टिकत नाहीत. त्यांतली कितीतरी दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची जुडी बाहेर टाकत टाकत हलकी होतात.

तात्पर्य : सांभाळणाऱ्यांचे हात जिथवर पोचतात, तिथवरच पसारा वाढवावा, त्यापुढच्या मोठेपणाची किंमत तेच हात मोजतात.