वाचायची राहिलेली शिळा

"मग काल वाचलंत ते काय होतं?"

चांदशा फकिराचं बोट दगडावरच थांबलं.

"काल कालचं व्हतं," तो म्हणाला.

"दगड तोच आहे, बाबा. खुणाही त्याच. काल तुम्ही वाचलंत की मांजरीला पिल्लं झाली, त्यातलं पांढरं मला पाहिजे. आज वाचताय की पाय दुखतोय, उद्या शाळेत जाणार नाही. एकाच ओळीत रोज वेगळं कसं लिहिलेलं असेल?"

फकीर नुसता हसला. ओळ संपेपर्यंत त्याने बोट फिरवलं, मग ते लुंगीला पुसलं आणि दगडाच्या पायथ्याशी बसून राहिला.

डॉ. मुकुंद नाडगौडांना राग आला. एक निरक्षर म्हातारा रोज संध्याकाळी येतो, दगडावर बोट फिरवतो आणि जे तोंडाला येईल ते 'वाचतो', हे त्यांनी दोन दिवस गंमत म्हणून चालवून घेतलं होतं. आज गंमत वाटत नव्हती. आज त्यांचं स्वतःचंच वाचन फसलं होतं.

नाडगौडांची हयात शिलालेखांत गेली होती. ब्राह्मी म्हणा, हळेकन्नड म्हणा, मोडी नाहीतर फारसी म्हणा, दगडाने त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही असं सहसा होत नसे. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. एखाद्या बिचाऱ्या अभ्यासकाने आपल्या निबंधात 'ही अक्षरे वाचता येत नाहीत' असं लिहिलं की नाडगौडा भर सभेत उठून विचारत, "तुम्हाला, की कुणालाच?" सभा हसायची. तो अभ्यासक पुढच्या वर्षी सभेला यायचाच असं नाही.

आणि आता हा बालाघाटाच्या माळावरचा दगड.

दगड काही जुना नव्हता. दीड पुरुष उंच, यंत्राने कापलेला, करड्या रंगाचा, या भागात न सापडणारा. कधी आला ते गावाला माहीत होतं, कुणी आणला ते नव्हतं. त्यालाही कारण होतं. दिवाळी झाली की इथली धामणवस्ती, सगळं गावच, बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला निघून जाते, दारांना कड्या लागतात, मागे उरतात ती म्हातारी माणसं. अशाच एका वर्षी गाव परत आलं तेव्हा माळावर हा उभा. अंगभर खुणा कोरलेला.

मग काय, ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. कुणी म्हणालं खाली हंडा आहे. कुणी म्हणालं परदेशी लोकांनी जगबुडीची तारीख लिहून ठेवली आहे. कुणी शेंदूर लावला, कुणी हिरवं फडकं बांधलं. एका वाहिनीवाल्याने तर परग्रहापर्यंत मजल मारली. दगड बिचारा सगळ्यांचं ऐकून घेत उभा राहिला.

आता माळावर पवनचक्क्या येणार होत्या. त्यांची लांबलचक पाती घेऊन येणाऱ्या गाड्यांना वळायला जागा लागते आणि ती जागा नेमकी दगडाचीच होती. लेख खरा असेल तर रस्ता बाजूने जाईल, नसेल तर दगड निघेल, असं तहसील कचेरीत ठरलं. खरंखोटं ठरवायला नाडगौडांना बोलावलं होतं.

त्यांनी ओला कागद दगडावर चिकटवून, ब्रशने ठोकून, शाई लावून ठसे घेतले होते. खुणा वेगळ्या काढून मांडून पाहिल्या होत्या. गुडघे टेकून, भिंग लावून, उन्हात डोकं तापेपर्यंत पाहिल्या होत्या. एकही खूण दुसऱ्यांदा येत नव्हती. कुठलीच भाषा अशी वागत नाही.

"मी उद्या निघतो, बाबा," ते म्हणाले. "काम झालं."

"काय निघालं?"

"काही नाही. हे लिहिणंच नाही. कुणीतरी पैसेवाल्याने लोकांची थट्टा केली आहे."

फकिराने वळून दगडाकडे पाहिलं.

"तसं कळवावं लागेल मला," नाडगौडा म्हणाले. का कोण जाणे, पण त्यांचा आवाज जरा उतरला. "मग मशीन येईल."

"मोडंल..."

"मोडेल बहुधा."

पीराच्या थडग्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत हा म्हातारा राहायचा. त्याच्या दारातून दगड सरळ समोर दिसायचा. नाडगौडांना वाटलं, म्हाताऱ्याला चैन पडणार नाही. पण त्याला ते काय करणार?

"समदं बघितलं तुमी?" फकिराने विचारलं.

"सगळं."

"मधी त्ये गोल हाय, त्ये काय हाय?"

नाडगौडांनी मान हलवली. तो एकच आकार त्यांना पहिल्या दिवसापासून छळत होता. बाकी सगळ्या रेघा वाकड्यातिकड्या, आणि मध्येच हे वर्तुळ, कंपासने काढल्यासारखं, एका बाजूला जरासं तुटलेलं. "आधी वाटलं सूर्य असेल. मग वाटलं राजमुद्रा. आता काहीच वाटत नाही."

"चहाच्या कपाचा डाग हाय त्यो."

नाडगौडा हसले. मग फकीर हसत नाही हे पाहून गप्प झाले.

"...कशाचा?"

"कपाचा. ज्यानं दगड लावला त्याच्या कपाचा."

"तुम्हाला माहीत आहे तो? मग इतकी वर्षं सांगितलं का नाही कुणाला?"

"इचारलं कुनी? येनारा इचारतो काय लिवलंय, आन सोताच सांगून जातो."

म्हाताऱ्याने फडक्याची गाठ नीट केली.

"तरना मानूस व्हता. लारीवर दगड घिऊन आला, संगं दोन मानसं. गावात म्हातारीकोतारी तेवढी व्हती, हिकडं माळावर कुनी फिरकत न्हवतं. माझ्याकडंच निजला. भाकर दिली, खाल्ली न्हाई. मी म्हनलो, कुनाचा दगड? म्हनला, पोरीचा."

नाडगौडा खाली बसले.

"शाळंत जायची व्हती त्या साली. त्याच्या आधीच कागदावर आसं कायबाय काढायची. वळीनं, मोठ्या मानसावानी. आन येऊन म्हनायची, पप्पा, वाच. ह्यो कामाचा मानूस. एक दिवस म्हनला, आदी नीट अक्षरं काढाया शीक, मंग वाचीन. आन त्या कागदावरच कप ठिवला."

"मग?"

"मंग ताप. त्याच आठवड्यात गेली."

माळावर वारा होता. दगडाला बांधलेलं हिरवं फडकं हलत होतं.

"कागद तेवढा राह्यला. पाथरवटाला म्हनला, जे हाय ते समदं काढ. पाथरवट म्हनला, साहेब, ह्यो डाग सोडतो. ह्यो म्हनला, डाग पयला काढ."

नाडगौडांनी वर्तुळाकडे पाहिलं. एका बाजूला ते तुटलं होतं, तिथे कपाची कड कोरडी असणार. हे त्यांच्या लक्षात आलं आणि आल्याचं वाईट वाटलं.

"पण इथं का? या माळावर?"

"मीबी त्येच इचारलं. म्हनला, वळखीची मानसं समजूत घालत्यात. वाचत न्हाईत. हितं कुनी वळखीचं न्हाई. हितं दगड बघून मोठमोठी मानसं येतील, डोकं लावतील, काय लिवलंय म्हनून बघतील. मी एकडाव नजर टाकली न्हाई, आता जग टाकंल."

फकिराने दगडावरून हात फिरवला.

"मंग मला म्हनला, बाबा, कुनी न्हाई आलं त्या दिवशी तुमी वाचाल का? मी म्हनलो, मला वाचाया येत न्हाई. म्हनला... तिलाबी लिवाया येत न्हवतं."

"म्हणून रोज..."

"लेकरू रोज येगळंच सांगतंय की. काल मांजर, आज पाय. तुमच्या घरी कधी लेकरू न्हवतं का?"

नव्हतं. नाडगौडांनी तसं सांगितलं नाही.

"तो येतो अजून?"

"गाव उसाला गेलं की यायचा. हितं बसायचा. मी वाचायचो, त्यो ऐकायचा. दोन सालं झाली, आला न्हाई. आता येईल आसं वाटत न्हाई मला."

नाडगौडांच्या मनात दुःख होतं, पण दुःखाच्या जोडीला त्यांची विद्याही तिथेच बसून होती. ती काही उठायला तयार नव्हती.

"बाबा," ते शेवटी म्हणाले, "ऐकून मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तरीसुद्धा हे लिहिणं नाही. लिहिणाऱ्याला काही सांगायचं असतं, ते खुणांत असावं लागतं. या नुसत्या रेघा आहेत."

फकीर उठला. त्याने नाडगौडांचा उजवा हात धरला, पहिलं बोट सरळ केलं आणि शाळेत मुलाला पाटीवर गिरवायला लावतात तसं त्या दगडातल्या रेघेत ठेवलं.

"चल, बेटा," तो म्हणाला. 'तुमी' त्याने कधी सोडलं ते नाडगौडांना कळलंही नाही.

बोट निघालं. रेघ खालून वर जात होती. न शिकवलेला हात अशीच रेघ काढतो. मध्ये ती एकदम खोल झाली होती, तिथे पेन्सिल दाबली होती. पुढे उडी, पुन्हा रेघ. एक गाठ, दुसरी गाठ. घाई कुठेच नव्हती. बोट पुढे पुढे चाललं आणि दगडाच्या कडेजवळ आलं. तिथे खुणा बारीक झाल्या, एकमेकींना चिकटल्या, मग वळून कडेने खाली उतरू लागल्या.

नाडगौडांनी आपल्या टिपणात याला 'ओळींची शिस्त नाही' असं म्हटलं होतं.

"हितं कागद सपला," फकीर म्हणाला. "सांगायचं सपलं न्हवतं."

नाडगौडांना रडू आलं. हुंदका आवरायचा त्यांनी प्रयत्न केला आणि तो आवरला नाही. आपण का रडतो आहोत हे त्यांना नीट माहीत होतं. एका मुलीने लिहिलेलं वाचायला ते पहिल्या दिवसापासून गुडघे टेकून बसले होते, आणि उठताना म्हणणार होते की यात काही नाही.

म्हातारा हात धरूनच उभा राहिला.

"मी काय कळवू त्यांना?" नाडगौडांनी डोळे पुसत विचारलं. "खोटं मला लिहिता येत नाही, बाबा. कधी लिहिलं नाही."

"खोटं कशाला? खरं लिव."

"खरं म्हणजे हेच, की यात काही लिहिलेलं नाही."

"त्ये तुला कुनी सांगितलं? तू बघितलंस, तुला वाचता आलं न्हाई. एवढंच तुझ्याजवळ हाय." फकीर क्षणभर थांबला. "तुलाच आलं न्हाई, का कुनालाच येत न्हाई?"

नाडगौडांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी किती जणांना विचारला होता, पण त्यांना तो कुणी विचारला नव्हता. सभेत तो चिमटा होता. या म्हाताऱ्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"...मला," ते म्हणाले. "मला आलं नाही."

"मंग तसं लिव."

त्यांनी मोबाईल काढला. माळावर रेंज येत-जात होती. वाट पाहून त्यांनी तहसील कचेरीला फोन लावला. तहसीलदार साहेबच बोलले. नाडगौडा सावकाश म्हणाले, "लेख आहे. असा बालाघाटात एकच. मला तो वाचता आला नाही. कुणाला तरी येईल. तोपर्यंत हात लावू नका. हो, मला. नाडगौडाला. तसंच लिहून देतो."

ही बातमी कुणाकुणाला आवडेल हे नाडगौडांना ठाऊक होतं. पुढच्या सभेत कोण उठून काय विचारील तेही ठाऊक होतं. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला.

त्यांनी ब्रश, शाई, ठशांची भेंडोळी पिशवीत भरली. उन्हं उतरली होती आणि माळावरचं गवत तांबूस दिसत होतं. फकीर पुन्हा दगडापाशी बसला होता.

निघताना नाडगौडा वळले. इतका वेळ बोलणं झालं आणि एक गोष्ट विचारायची राहिलीच होती.

"बाबा... नाव काय होतं तिचं?"

"त्यानं सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"इचारलं. त्याच्या तोंडातनं येईना."

नाडगौडा तसेच उभे राहिले. पिशवी खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सावरली नाही.

"म्हणजे आता ते कुणालाच..."

फकिराने मागे न बघता हात वर केला आणि दगडाच्या माथ्याकडे बोट दाखवलं.

"लेकरू आदी काय लिवतं, बेटा? पयल्या वळीत बघ."