राजवैद्याचे फर्मान आणि भांगेचा चीक

एका राज्यात, चैत्र शुद्ध पंचमीला, सूर्य दोन कासरे वर आला असताना, राजवाड्यासमोरच्या मैदानात राज्यातली सगळी भांग जाळण्यात आली. ती मती फिरवते, म्हणून राजवैद्य विरूपाक्षाने तिला शापित ठरवले होते. पुरावा त्याने दिला नाही, आणि राजाने मागितला नाही.

शाप उठला तो त्या राखेतून. रयतेचे सांधे सुजू लागले. सात वर्षांत, भांगेच्या सालीचे दोर वळणाऱ्या भिवा दोरवळ्याची बोटे इतकी सुजली, की घास उचलेना. लेक धुरपदा भरवू लागली, की तो तोंड फिरवी.

"हात चालेनात, तर जेवू कशाला?"

शेवटचे भांगेचे बी डोंगरावरच्या एका बोलत्या होला पक्ष्याने राखून ठेवले होते. शाप भांग जाळल्याचा, तर उतारा भांगेतच असेल, म्हणून धुरपदा तिथे गेली.

"बी देशील?"

"तुमच्याच दोराचे फासे आमच्या मानेला लागले, बाई. देईन, पण तीन कामे कर. नागाच्या डोहाचे पाणी आण. या शिळेत वाफा कर. आणि झाड फुलेपर्यंत डोळा मिटू नकोस."

नागाने पाणी स्वतःच घागरीत ओतून दिले. शिळा विनवणीने मऊ झाली आणि होल्याने दिलेले बी तिच्यात रुजले. नव्वद दिवस धुरपदा जागी राहिली, आणि चिकट फुलोरा घेऊन घरी आली.

वैद्य सगळ्याचा काढा करतात, म्हणून तिनेही काढाच केला. सूज तसूभर उतरली नाही.

भिवा सात वर्षांनी हसला. "अगं, हा चीक पाण्याला भीक घालत नाही. झाडे सोलून झाली, की आम्ही हात कोमट तेलानेच साफ करायचो. ते तेल उकिरड्यावर टाकायचो."

"आणि तेव्हा कुणाची बोटे सुजायची?"

भिवाने आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाला, "कुणाचीच नाही."

तिने उरलेला फुलोरा तेलात मंद आचेवर ठेवला आणि ते तेल त्याच्या बोटांना चोळले. तिसऱ्या दिवशी मूठ उघडली. भिवाने आपल्या हाताने भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

भिवाची मूठ उघडल्याचे ऐकून राजाने भांगबंदीचे फर्मान मागे घेतले. होल्यांनी रानोरान बी पेरले, घरोघर तेल पोचले, शाप फिटला. दोर वळण्याची चाके पुन्हा फिरू लागली.

धुरपदाने मात्र भर दरबारात विचारले, "वैद्यराज, या सात वर्षांत तुमचा एकही सांधा कसा सुजला नाही?"

विरूपाक्षाने कमरेची भांगेच्या तेलाची जुनी कुपी उपरण्याखाली लपवली.